सुरक्षा-झडपेवरील हात : यंत्रचालकांच्या 'अनावश्यक' हस्तक्षेपाचा इतिहास आणि त्याची साधने

यंत्रयुगाच्या इतिहासात एक आरोप पुनःपुन्हा आढळतो. यंत्र निर्दोष होते; ते ज्याच्या स्वाधीन केले होते त्याने कारण नसता त्यात हात घातला आणि म्हणून अनर्थ ओढवला, असे या आरोपाचे सर्वसाधारण स्वरूप असते. बाष्पयंत्राच्या आरंभकाळापासून अणुवीजकेंद्रापर्यंत तो फारसा न बदलता होत आला आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणता येणार नाही. झडपेवर जादा वजन टांगणारे, वाफ कोंडून धरणारे, चालत्या यंत्राच्या कळा उगीच फिरवणारे चालक होऊन गेले आहेत, आणि त्यांच्या हातून माणसे मेलीही आहेत.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न याहून निराळा आहे. 'हस्तक्षेप' ही घटना होय. 'अनावश्यक' हा तिच्यावरील निर्णय होय. हा निर्णय बहुधा घटनेनंतर, आणि चालकाखेरीज इतरांनी दिलेला असतो. पुष्कळदा चालक तोवर हयातही नसतो. निर्णय देणारा कोण, त्याच्यापुढे पुरावा कोणता होता आणि त्या निर्णयात त्याचा हितसंबंध कितपत गुंतला होता, हे तपासल्यावाचून 'चालकाची चूक' ही नोंद इतिहासाचे साधन म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध प्रसंगांच्या आधारे याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

१. दोन मुलगे

थॉमस न्यूकोमेन याचे पहिले यशस्वी बाष्पयंत्र इंग्लंडमध्ये डडलीच्या किल्ल्यानजीक सन १७१२ मध्ये चालू झाले. त्याच्या झडपा योग्य क्षणी उघडणे व मिटणे हे काम प्रथम एका मुलाकडे असे, आणि हम्फ्री पॉटर नावाच्या मुलाने खेळावयास सवड मिळावी म्हणून दोऱ्या बांधून ते काम यंत्राकडूनच करवून घेतले, अशी कथा प्रचलित आहे. ही कथा देझाग्युलिए याने सन १७४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात येते, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मुलाचे नाव न देता तीच कथा श्रमविभागणीचे फळ म्हणून सांगितली. आजचे अभ्यासक तिला दंतकथा मानतात, कारण न्यूकोमेनच्या यंत्रात झडपा आपोआप चालविण्याची योजना आरंभापासूनच असावी असे दिसते.

कथा खरी नसली तरी तिचा उपयोग आहे. एका पोरक्या वयाच्या कामगाराने मालकाच्या परवानगीवाचून यंत्राला दोऱ्या बांधल्या, ही कृती ढवळाढवळ या सदरात सहज बसली असती. यंत्र बिघडले नाही म्हणून तिची गणना शोधात झाली. कृतीचे नाव तिच्या परिणामावरून ठरते, याचे हे पहिले उदाहरण होय.

दुसऱ्या मुलाच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. रिचर्ड ट्रेव्हिथिक याने उच्च दाबाच्या वाफेवर चालणारे यंत्र प्रचारात आणले. त्याचे एक यंत्र लंडनजवळ ग्रिनिच येथे एका गिरणीच्या पायातील पाणी उपसत असता सप्टेंबर १८०३ मध्ये त्याचा बॉयलर फुटला. तीन माणसे जागीच ठार झाली व एक नंतर मरण पावला. ट्रेव्हिथिकने आपला स्नेही डेव्हिस गिडी यास लिहिलेल्या पत्रात दिलेली हकीकत अशी : यंत्र सांभाळणारा मुलगा पायाच्या खड्ड्यात वामा नावाचे मासे पकडण्यास गेला होता आणि यंत्र त्याने एका मजुराच्या हवाली केले होते. ते फार वेगाने चालत आहे असे पाहून मजुराने ते बंद केले. परंतु झडपेची तरफ ज्या पान्याने दाबून ठेवलेली होती तो पाना त्याने काढला नाही. वाफ साठत गेली आणि थोड्याच वेळात बॉयलर फुटला.

या पत्रावरून दोषी मुलगा आणि अडाणी मजूर असे चित्र उभे राहते, आणि पुढील अनेक पुस्तकांत ते तसेच उतरले. परंतु पत्राचे बारकाईने वाचन केले असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, तरफेवर पाना अगोदरच लावलेला होता. म्हणजे झडप दाबून ठेवून यंत्र चालवण्याचा परिपाठ त्या जागी होता आणि तो त्या मजुराने सुरू केलेला नव्हता. दुसरी अशी की, पत्रलेखक तटस्थ नव्हता. बोल्टन आणि वॉट यांची पेढी या अपघाताचा विपर्यास करून आपणास अपाय करू पाहत आहे, अशी तक्रार त्याच पत्रात आहे. उच्च दाबाची वाफ मुळातच घातक आहे असे ठरले असते तर ट्रेव्हिथिकचा सारा उद्योग बुडाला असता. मुलगा मासे पकडावयास गेला होता हे खरे असेलही. परंतु ते सांगण्याची निकड सांगणाराला होती. स्वतः ट्रेव्हिथिकने मात्र पत्रातील दोषारोपावर विसंबून न राहता पुढील बॉयलरांना दोन झडपा बसवल्या, आणि पाणी कमी होताच वितळून वाफेला वाट देणारी शिशाची खुंटीही योजली. अपघाताचा जो अर्थ त्याने लिहिला त्याहून त्याने कृतीने लावलेला अर्थ अधिक खोल होता असे म्हणावयास हरकत नाही.

२. कुलूपबंद झडप

सुरक्षा-झडपेची रचना साधी आहे. डेनिस पापिन याने आपल्या बंद पात्राचे वर्णन सन १६८१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यातील झडप तरफेच्या टोकाला टांगलेल्या वजनाने दाबून धरलेली असे. वाफेचा दाब त्या वजनाहून अधिक झाला की झडप उचलली जाऊन वाफ बाहेर पडे. या साधेपणातच तिचे वैगुण्य होते. वजन थोडे पुढे सरकवले अथवा हाताशी असेल ती वस्तू तरफेवर अडकवली की सुरक्षिततेची मर्यादा वाढवता येत असे, आणि त्यासाठी ना कौशल्य लागे ना वेळ.

इंग्लंडमधील नॉरिच येथे एप्रिल १८१७ मध्ये एका वाफेच्या बोटीचा बॉयलर फुटून अनेक प्रवासी मेले, तेव्हा हा प्रश्न प्रथमच पार्लमेंटपुढे आला. चौकशीत दोन कारणे निघाली. वेग वाढवण्याकरिता झडपेवर जादा भार ठेवला होता, आणि घडीव लोखंडाच्या त्या बॉयलरचा टोकाकडील भाग बिडाचा होता. बीड ताण सहन न होता एकाएकी तडकते. पहिले कारण चालकाच्या हाताशी जाते, दुसरे बॉयलर बनवून घेणाऱ्याशी. पार्लमेंटच्या समितीने दोहोंची दखल घेतली : बॉयलर घडीव लोखंडाचा अथवा तांब्याचा असावा, त्याची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, आणि त्यास दोन झडपा असून त्यांपैकी एक चालकाच्या हाती न लागणारी असावी, अशा तिच्या शिफारशी होत्या.

चालकाच्या हाती न लागणारी झडप ही कल्पना येथून पुढे रूढ झाली. लिव्हरपूल आणि मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांनी १८२९ मध्ये रेनहिल येथे एंजिनांची स्पर्धा घेतली. प्रत्येक एंजिनास दोन सुरक्षा-झडपा असाव्यात, एक चालकाच्या आवाक्याबाहेर असावी आणि एंजिन चालू असता दोहोंपैकी कोणतीही बांधून ठेवू नये, अशी अट तीत होती. फ्रान्समध्येही १८२३ च्या हुकुमाने उच्च दाबाच्या यंत्रांवरील एक झडप कुलपात ठेवण्याचे बंधन घातले गेले होते. जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे अभियंत्याने १८५० नंतरच्या दशकात बनवलेल्या झडपेत तर दोन झडपा एकाच स्प्रिंगने व एकाच तरफेने जोडलेल्या असत. एक दाबून धरण्याचा यत्न केला की दुसरी उचलली जाई. चालकाचा हात आता त्याच्याच विरुद्ध काम करू लागला.

यंत्ररचनेच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय मोलाची होती. परंतु तिच्यात मालक व चालक यांच्या संबंधांचा एक इतिहासही गोठलेला आहे. ज्याच्यावर बॉयलरचा सारा भार, त्याच्यावरच विश्वास नाही, हे त्या कुलपाने जाहीर केले. झडप दाबण्याचा मोह चालकास का होतो हा प्रश्न मात्र कुलपाने विचारला नाही. चढण चढण्यास वाफ अपुरी पडते, गाडीस उशीर झाला तर जाब ड्रायव्हरला द्यावा लागतो आणि झडपेतून सुटणारी वाफ म्हणजे वाया गेलेला कोळसा होय, ही कारणे बॉयलरच्या बाहेर, वेळापत्रकात आणि हिशेबाच्या वहीत होती.

३. नाव नसलेला आगवाला

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग अमेरिकेतील आहे. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' हे एंजिन डिसेंबर १८३० पासून उतारूंची नियमित वाहतूक करीत होते. जून १८३१ मध्ये त्याचा बॉयलर फुटला. झडपेतून सुटणाऱ्या वाफेच्या कर्कश आवाजाने त्रासून आगवाल्याने झडप बंद केली, अशी हकीकत सर्वत्र दिली जाते. काही वृत्तांतांत त्याने ती हाताने दाबून धरली, काहींत बांधून टाकली, तर काहींत तो तिच्यावर बसला. अमेरिकेतील एंजिनाच्या बॉयलर-स्फोटाची ही पहिली घटना म्हणून रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात हा 'मूर्ख आगवाला' येतो.

एंजिनाचे नाव आपणास ठाऊक आहे, ते चालवणाऱ्या निकोलस डॅरेल याचे ठाऊक आहे, ज्या कारखान्यात ते बनले त्याचेही ठाऊक आहे. आगवाल्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तो कृष्णवर्णीय होता, बहुधा गुलाम होता, आणि झालेल्या जखमांनी मरण पावला, एवढीच नोंद आहे. त्याने स्वतः काय सांगितले असते हे कळण्यास मार्ग नाही. यंत्राविषयी त्यास काय शिकवले होते, आवाजाचा त्रास होत असल्याचे त्याने कोणास सांगितले होते काय, वाफ वाचवण्याची ताकीद त्यास होती काय, या प्रश्नांना साधनांमध्ये उत्तर नाही. एका माणसाच्या अखेरच्या क्षणातील हेतू इतक्या निश्चितपणे सांगणारे वृत्तांत त्या कृतीच्या तपशिलाविषयी आपसांत जुळत नाहीत, ही गोष्ट अभ्यासकास सावध करण्यास पुरेशी आहे.

स्फोटानंतर कंपनीने एंजिन आणि उतारूंचे डबे यांमध्ये कापसाच्या गासड्या रचलेला एक उघडा डबा जोडण्यास आरंभ केला. उतारूंना धीर देण्याची ही तजवीज होती. त्यात आगवाल्याची जागा गासड्यांच्या पुढेच, बॉयलरपाशी राहिली.

४. चौकशीचा उदय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आरोपास प्रथमच पद्धतशीर उत्तर मिळाले. विल्यम फेअरबेर्न प्रभृतींच्या पुढाकाराने मँचेस्टर येथे १८५४ मध्ये बॉयलर वापरणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. तिचे तपासनीस फुटलेल्या बॉयलरचे पत्रे गोळा करून त्यांची जाडी मोजत, गंज पाहत, रिव्हेट तपासत. संस्थेचे मुख्य अभियंता लॅव्हिंग्टन फ्लेचर यांनी वर्षानुवर्षे आग्रहाने मांडलेला निष्कर्ष असा की, स्फोटात गूढ असे काही नसते. बॉयलर दाबास पुरेसा बळकट नसतो म्हणून फुटतो, आणि तो कमकुवत आहे हे वेळीच तपासल्यास कळू शकते. पुढे १८८२ मध्ये बॉयलर-स्फोटांची सरकारी चौकशी सक्तीची करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला.

इतिहासशास्त्राच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. तोवर पुरावा म्हणजे जिवंत राहिलेल्यांची साक्ष होती. आता फाटलेला पत्रा हाही साक्षीदार झाला. पत्र्यास कोणाची नोकरी जाण्याची भीती नव्हती.

हिंदुस्थानात १९२३ च्या बॉयलर अधिनियमात दोन्ही परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. बॉयलरची नोंदणी, तपासणी व दाखला यांची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आणि अधिकृत दाबास सुरक्षा-झडप निकामी ठरेल अशी तिच्याशी छेडछाड करणे हा स्वतंत्र अपराध ठरवला. मुंबईच्या गिरण्यांतील बॉयलरखाने या अधिनियमाखाली चालत असत. त्याची जागा आता २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे.

५. 'अनावश्यक' याचे मोजमाप

येथवर पाहिलेल्या प्रसंगांत कोणता हस्तक्षेप अनावश्यक हे परिणामावरून ठरत होते. परिणाम घडण्यापूर्वीच ते ठरवता येईल अशी कसोटी विसाव्या शतकात मिळाली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शुहार्ट याने मे १९२४ मध्ये एका टिपणात नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली आणि १९३१ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. प्रत्येक उत्पादनक्रियेत थोडाफार चढउतार स्वाभाविकपणे असतोच. त्यास वेगळे असे एक कारण नसते. काही चढउतार मात्र विशिष्ट कारणाने होतात आणि तेथेच शोध करून यंत्रास हात लावणे योग्य असते. आलेखावरील मर्यादारेषा हा भेद दाखवतात.

शुहार्टचा अनुयायी डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हा यातील तत्त्व नरसाळे आणि गोटी यांच्या प्रयोगाने समजावून सांगे. टेबलावरील एका खुणेच्या वर नरसाळे धरून त्यातून गोट्या सोडल्या तर त्या खुणेच्या आसपास विखुरतात. आता प्रत्येक गोटी जितकी चुकली तितकेच नरसाळे उलट दिशेस सरकवले, तर नेम सुधारावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात गोट्यांच्या विखुरण्याचे प्रचरण दुप्पट होते. जो चालक प्रत्येक मापानंतर कळ फिरवतो तो आळशी नसून अतिदक्ष असतो, आणि त्याच्या दक्षतेनेच माल बिघडतो.

ही कसोटी चालकास अनुकूल की प्रतिकूल? दोन्ही. ढवळाढवळ ही खरोखर घडणारी व मोजता येणारी गोष्ट आहे हे तिने सिद्ध केले. त्याचबरोबर तिने हेही दाखवले की, रोजच्या प्रत्येक चढउताराचा जाब मागणारा वरिष्ठ हाच बहुधा तिचा उगम असतो. कालचे उत्पादन दोन टक्क्यांनी का उतरले असे ज्यास रोज विचारले जाते, तो काही ना काही केल्यावाचून कसा राहील? शुहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून भारतात आला होता, आणि येथील कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाचा प्रसार त्यानंतर झाला. परंतु आलेख भिंतीवर लागणे आणि जाब मागण्याची रीत बदलणे, या दोन निराळ्या गोष्टी होत.

६. दिवा आणि नळी

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे दाब कमी करणारी एक झडप उघडली ती मिटलीच नाही. नियंत्रण-कक्षातील दिवा मात्र ती मिटली असे सुचवीत होता, कारण झडपेस मिटण्याचा विद्युत्-संदेश गेला एवढेच तो दिवा दर्शवी; झडपेची प्रत्यक्ष स्थिती तो दाखवीत नसे. पाणी त्या वाटेने निघून जात असता एका पात्रातील पातळी चढताना दिसली. पात्र काठोकाठ भरू देऊ नये असे शिक्षण मिळालेल्या चालकांनी आपोआप सुरू झालेला आपत्कालीन पाणीपुरवठा हाताने कमी केला. अणुभट्टीचा गाभा उघडा पडून अंशतः वितळला. उघडी राहिलेली वाट सुमारे सव्वादोन तासांनंतर बंद करण्यात आली.

हस्तक्षेपाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. स्वयंचलित योजना बरोबर होती, माणसाचा हात चुकला. जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने हे मान्य केले. चालकांनी पाणी चालू ठेवले असते तर घटना किरकोळ ठरली असती असेही म्हटले. परंतु आयोग तेथे थांबला नाही. चालकांचे शिक्षण, गोंधळात टाकणारी नियंत्रण-कक्षाची मांडणी आणि अनुभवाकडे झालेले दुर्लक्ष यांकडे त्याने बोट दाखवले. अशाच बनावटीच्या दुसऱ्या केंद्रात सप्टेंबर १९७७ मध्ये तीच झडप उघडी राहिली होती, तेथील चालकांनीही पाणी कमी केले होते, आणि उत्पादक कंपनीतील अभियंत्यांनी त्याविषयी लेखी इशारा दिला होता. तो इशारा थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत पोहोचला नाही.

भोपाळचा प्रसंग याहून दारुण आणि आपणास जवळचा आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मेथिल आयसोसायनेट वायुरूपाने शहरावर पसरले. हजारो माणसे मेली. एका नाराज कामगाराने जाणूनबुजून टाकीस पाण्याची नळी जोडली, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि कंपनीने नेमलेल्या सल्लागारांनी १९८८ मध्ये त्यास शास्त्रीय निबंधाचे रूप दिले. नळ धुताना अडथळ्याच्या चकत्या न बसवल्यामुळे पाणी गळक्या झडपांतून टाकीत गेले, असे कामगारांचे म्हणणे होते. घातपाताचा आरोप कोणा कामगारावर न्यायालयात सिद्ध झाला नाही. निष्काळजीपणाबद्दल जून २०१० मध्ये शिक्षा झाली ती भारतीय कंपनीच्या सात माजी अधिकाऱ्यांना.

पाणी कोणत्या वाटेने आले हा वाद येथे सोडवावयाचा नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्यापूर्वी कित्येक महिने बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी तोडलेला होता. नळी कोणीही जोडलेली असो, ही स्थिती त्या हाताने निर्माण केली नव्हती. एका अज्ञात हाताचा शोध जितका रंगतो, तितके तो हात जेथे पोहोचला त्या जागेचे वर्णन मागे पडते. १८३१ च्या आगवाल्याच्या बाबतीत हेच घडले होते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून चालक नेहमीच निर्दोष असतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नॉरिचच्या झडपेवर जादा भार होता आणि थ्री माइल आयलंडचे पाणी माणसाच्याच हाताने कमी झाले. परंतु आपल्या हाती येणारी नोंद जवळजवळ प्रत्येक वेळी हाताचे वर्णन सविस्तर करते, आणि त्या हाताला काय दिसत होते, काय शिकवले होते व कशाचे भय होते याविषयी मौन पाळते. हे मौन साधनांच्या रचनेतच आहे. नोंद लिहिणारा बहुधा यंत्राचा निर्माता, मालक अथवा त्यांचा तज्ज्ञ असतो. चालक मृत, अशिक्षित अथवा नोकरीच्या चिंतेत असतो.

यास्तव औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाने 'चालकाचा अनावश्यक हस्तक्षेप' हे शब्द वाचताच तीन प्रश्न विचारावेत : हा निर्णय कोणी लिहिला, त्या क्षणी चालकापुढे कोणती माहिती होती, आणि यंत्राची कोणती अवस्था त्या हाताच्या आधीपासून होती. आपल्याकडील गिरण्यांचे बॉयलरखाने, रेल्वेच्या एंजिनशेड आणि साखर कारखाने यांच्या जुन्या चौकशी-अहवालांचे असे वाचन अद्याप पुरेसे झालेले नाही. ज्यांनी त्या यंत्रांपाशी आयुष्य घालवले त्यांपैकी काहीजण आजही बोलण्यास उपलब्ध आहेत. फाटलेला पत्रा वाट पाहू शकतो. माणसाची साक्ष फार काळ वाट पाहत नाही.